लिनक्सवर सीडी रायटर चालेना: दोष नेमका कुठे आहे ते शोधण्याची रीत

विंडोज सोडून लिनक्सवर आलेल्यांची सीडी बर्न झाली नाही, की पहिला प्रश्न हमखास येतो: या रायटरचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर कुठून उतरवून घ्यायचा? तो शोधण्यात वेळ घालवू नका. एलजी, असूस, लाइटऑन, कोणाचाही रायटर असो, गेल्या वीस वर्षांतले बहुतेक सगळे एमएमसी नावाच्या एकाच आज्ञासंचावर चालतात आणि तो संच लिनक्सला आधीपासून येतो. कंपनीनिहाय वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

मग अडते कुठे? लिनक्समध्ये हे काम दोघांत वाटलेले आहे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, रायटरपर्यंतचा रस्ता मोकळा ठेवतो. लेझर कधी पेटवायचा, कोणत्या वेगाने लिहायचे, सत्र कधी बंद करायचे हे बर्निंग प्रोग्राम ठरवतो आणि त्या आज्ञा कर्नलमार्फत थेट रायटरकडे धाडतो. म्हणूनच सीडी वाचता येते पण लिहिता येत नाही, हा प्रकार इतका सर्रास आढळतो. वाचण्याचे काम कर्नल एकटा उरकतो. लिहिण्यासाठी मात्र वीजपुरवठा, केबल, कर्नलचे मॉड्यूल (गरजेप्रमाणे चढवायचा ड्रायव्हरचा तुकडा), डिव्हाइस फाइल (ज्या नावाने प्रोग्राम रायटरला हाक मारतात ती), परवानगी, प्रोग्राम आणि कोरी डिस्क ही सगळी साखळी धड लागते. शोध याच क्रमाने, खालून वर घ्यावा. वरून सुरुवात करून तीन-तीन प्रोग्राम बदलत बसणारे शेवटी सैल केबलपाशी येऊन पोचतात.

आज्ञांबद्दल आधी एक सूचना. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा. मोठे अक्षर हवे तिथे तसे सांगितले आहे. रेघा, चिन्हे आणि मोकळ्या जागा दाखवल्या तशाच ठेवा. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, तो आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवतो. डेव्ह म्हणजे डी-ई-व्ही, कॅट म्हणजे सी-ए-टी, प्रॉक म्हणजे पी-आर-ओ-सी, यूनेम म्हणजे यू-एन-ए-एम-ई, फ्यूजर म्हणजे एफ-यू-एस-ई-आर.

पहिली पायरी: कर्नलला रायटर दिसतो का?

सुडो डीएमईएसजी | ग्रेप -आय एसआर०

ही आज्ञा कर्नलने नोंदवलेले संदेश दाखवते. उबंटू आणि डेबियन या लिनक्सच्या वितरणांच्या (तयार संचांच्या) सध्याच्या आवृत्त्यांत सुडोशिवाय ती नकार देते, तेवढ्यावरून घाबरू नका. रायटर ओळखला गेला असेल तर एका ओळीत एसआर० हे नाव, ४८एक्स किंवा २४एक्स असा वेग आणि त्यापुढे 'रायटर' व 'सीडी/आरडब्ल्यू' हे शब्द दिसतील. हे शब्द असणे महत्त्वाचे, कारण नुसता वाचणारा ड्राइव्हसुद्धा एसआर० याच नावाने दिसतो. रायटर नक्की काय काय लिहू शकतो, ते कर्नलच्या स्वतःच्या नोंदीत पाहा:

कॅट /प्रॉक/एसवायएस/डेव्ह/सीडीरॉम/इन्फो

यात 'कॅन राइट सीडी-आर', 'कॅन राइट सीडी-आरडब्ल्यू', 'कॅन राइट डीव्हीडी-आर' अशा ओळी असतात आणि प्रत्येकीपुढे १ किंवा ०. जुन्या लॅपटॉपमध्ये कॉम्बो ड्राइव्ह असायचे. ते डीव्हीडी वाचतात, पण लिहितात फक्त सीडी. अशा ड्राइव्हमध्ये डीव्हीडी-आरपुढे ० दिसले, तर तपास तिथेच संपला. कोणत्याही सॉफ्टवेअरने त्याचा १ होणार नाही.

इथपर्यंत सगळे ठीक असेल तर पुढचा भाग सोडून परवानगीच्या पायरीवर जा.

दुसरी पायरी: रायटर दिसतच नाही

डेस्कटॉपच्या आत बसवलेला रायटर असेल तर संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन तो यादीत आहे का ते पाहा. तिथेच नसेल तर लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही. साटा रायटरला दोन केबल असतात, एक डेटाची आणि एक विजेची. ट्रे उघडतो याचा अर्थ फक्त वीज पोचते आहे, डेटाची केबल तरीही खराब असू शकते. संगणक बंद करून ती केबल बदला आणि मदरबोर्डावर दुसऱ्या पोर्टात लावून बघा. डीएमईएसजीमध्ये 'फेल्ड कमांड: पॅकेट' आणि लगेच 'हार्ड रीसेटिंग लिंक' अशा ओळी पुन्हा पुन्हा येत असतील, तर संशय आधी केबल आणि पोर्टावर घ्या, त्यानंतर रायटरवर.

यूएसबी रायटरची गोष्ट वेगळी, आणि आजकाल बहुतेकांकडे हाच असतो. एका टर्मिनलमध्ये ही आज्ञा चालू ठेवा आणि मग रायटर जोडा:

सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू

ओळी जशा उमटतील तशा वाचा. यूएसबी २ च्या पोर्टातून ठरलेल्या मर्यादेप्रमाणे ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. डिस्क फिरवायला आणि वाचायला लागणारी वीज एवढ्यात भागते, पण लिहिताना लेझरची ताकद वाढते आणि मागणी उसळते. त्यामुळे असा रायटर सीडी छान वाचतो, बर्न सुरू होताच मान टाकतो आणि डीएमईएसजीमध्ये 'रीसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस' अशी ओळ येते. ड्रायव्हर बिघडल्यासारखे दिसणारे हे लक्षण बहुतेकदा विजेच्या तुटीचे असते. हब काढून टाका, रायटर थेट संगणकाला जोडा, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टाला. रायटरसोबत दोन तोंडांची केबल आली असेल तर तिची दोन्ही तोंडे लावा. लांब, बारीक एक्स्टेन्शन केबल पूर्ण टाळा, तिच्यातच व्होल्टेज गळते.

एलएसयूएसबी या आज्ञेत रायटरचे नाव येते आणि तरी एसआर० तयार होत नाही, असे असेल तर मात्र खऱ्या अर्थाने ड्रायव्हरचा प्रश्न आहे. ऑप्टिकल ड्राइव्हचे मॉड्यूल एसआर_मॉड या नावाचे असते, मध्ये खालची रेघ आहे. ते हाताने चढवून पाहा:

सुडो मॉडप्रोब एसआर_मॉड

काहीच न छापता आज्ञा परतली तर मॉड्यूल चढले. एलएसएमओडीच्या यादीत त्याचे नाव न दिसणे हा मात्र पुरावा नव्हे, कारण काही कर्नलमध्ये ते आतच बांधलेले असते. 'मॉड्यूल नॉट फाउंड' असे उत्तर आले तर या दोन आज्ञांचे निकाल शेजारी ठेवून बघा:

यूनेम -आर
एलएस /लिब/मॉड्यूल्स

पहिली आज्ञा चालू कर्नलची आवृत्ती सांगते, दुसरी डिस्कवर कोणत्या आवृत्त्यांची मॉड्यूल्स आहेत ते. आर्चसारख्या वितरणात कर्नल अपडेट होतो तेव्हा जुन्या कर्नलची मॉड्यूल्स पुसली जातात, पण स्मृतीत चालू असतो तो जुनाच कर्नल. त्याला आता कोणतेच नवे मॉड्यूल सापडत नाही, म्हणून काल चाललेला यूएसबी रायटर आज ओळखला जात नाही. संगणक एकदा रीस्टार्ट केला की पुरे.

दोन खास प्रकरणे नोंदवून ठेवण्यासारखी आहेत. अ‍ॅपलचा सुपरड्राइव्ह लिनक्सला दिसतो, पण डिस्क आत घेत नाही. त्याला आधी एक जागे करणारी आज्ञा लागते. डेबियन-उबंटूत एसजी३-यूटिल्स हे पॅकेज बसवून ही ओळ चालवा:

सुडो एसजी_रॉ /डेव्ह/एसआर० ईए ०० ०० ०० ०० ०० ०१

यातल्या रॉचे स्पेलिंग आर-ए-डब्ल्यू. ड्राइव्ह काढून पुन्हा जोडला की आज्ञाही पुन्हा द्यावी लागते. दुसरे प्रकरण व्हर्च्युअलबॉक्सचे, म्हणजे एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रामचे. पाहुण्या लिनक्सला यजमान संगणकाचा ड्राइव्ह नुसता जोडून दिला तर फक्त वाचता येते. लिहिण्यासाठी त्या ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये 'पासथ्रू' चालू करावे लागते.

तिसरी पायरी: दिसतो, पण उघडत नाही

'परमिशन डिनाइड' आले तर आधी डिव्हाइस फाइल बघा:

एलएस -एल /डेव्ह/एसआर०

उबंटू-डेबियनमध्ये मालक रूट (प्रशासकाचे खाते) आणि गट सीडीरॉम दिसेल. आर्चमध्ये गटाचे नाव ऑप्टिकल आहे. परवानग्यांच्या शेवटी अधिकचे चिन्ह असेल, तर पडद्यासमोर बसून लॉगिन केलेल्या वापरकर्त्याला सिस्टिमने आपणहून वेगळी परवानगी दिली आहे. हीच सोय एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, दुरून आलेल्याला मिळत नाही. त्यामुळे डेस्कटॉपवर चालणारी आज्ञा एसएसएचवर नाकारली जाते आणि माणूस गोंधळतो. कायमचा उपाय म्हणजे स्वतःला गटात घालणे:

सुडो यूजरमॉड -एजी सीडीरॉम तुमचे-वापरकर्तानाव

इथे -एजीमधला ए लहान आणि जी मोठा. यूजरचे स्पेलिंग यू-एस-ई-आर. ए गाळू नका. तो गाळला तर सीडीरॉम गटात जाताना बाकीच्या सगळ्या जोडगटांतून नाव निघते, त्यात सुडोचा गटही जातो आणि प्रशासकाचे अधिकार हातचे जातात. आज्ञा दिल्यावर लॉगआउट होऊन पुन्हा लॉगिन करा. नुसती टर्मिनलची खिडकी बंद करून उघडल्याने नवा गट लागू होत नाही. आयडी या आज्ञेने खात्री करा.

'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' हा वेगळा प्रकार आहे. परवानगी आहे, पण दुसऱ्या कोणीतरी ड्राइव्ह धरून ठेवला आहे. पुनर्लेखनाची, आधी काही लिहिलेली सीडी-आरडब्ल्यू आत टाकली की फाइल मॅनेजर तिला ताबडतोब माउंट करतो, म्हणजे आतल्या फाइली उघडता याव्यात म्हणून जोडून घेतो, आणि मग ती पुसता येत नाही. यूमाउंटमध्ये यूनंतर एन नाही, हे लक्षात ठेवून:

सुडो यूमाउंट /डेव्ह/एसआर०
सुडो फ्यूजर -व्ही /डेव्ह/एसआर०

दुसरी आज्ञा ड्राइव्ह वापरत असलेल्या प्रोग्रामचे नाव देते. तो बंद करा. ट्रे अडकून राहिला असेल तर 'इजेक्ट -आय ऑफ /डेव्ह/एसआर०' ने कुलूप सोडवता येते.

यातच एक गैरसमज मिटवून टाकू. कोरी सीडी टाकली आणि माउंट होत नाही म्हणून ती 'ओळखली जात नाही' असे अनेकांना वाटते. कोऱ्या सीडीवर फाइल सिस्टिमच नसते, ती माउंट होणारच नाही. गाण्यांची ऑडिओ सीडीही माउंट होत नाही, तिच्यावर फाइली नसून नुसते ध्वनीचे ट्रॅक असतात. दोन्ही ठिकाणी ड्रायव्हर व्यवस्थित असतो.

चौथी पायरी: प्रोग्राम कोणता आणि कसा

इंटरनेटवरचे जुने लेख इथे सर्वांत जास्त नुकसान करतात. कर्नल २.४ च्या काळात आयडीई या जुन्या जोडणीच्या रायटरला स्कझी या दुसऱ्या जोडणीचा असल्याचे सोंग द्यावे लागे, त्यासाठी बूटच्या ओळीत 'एचडीसी=आयडीई-स्कझी' असे लिहीत. डिसेंबर २००३ मध्ये कर्नल २.६ आला आणि ती गरज संपली. पुढे जुनी आयडीई शाखाच २०२१ च्या ५.१४ कर्नलमधून काढून टाकली. तेव्हा ज्या लेखात एचडीसी, आयडीई-स्कझी किंवा 'डेव्ह=०,०,०' असे तीन आकडे दिसतील, तो बंद करा. आज पत्ता एकच: /डेव्ह/एसआर०.

प्रोग्रामांचीही एक वंशावळ आहे. मूळ प्रोग्राम सीडीरेकॉर्ड. परवान्यावरून वाद झाल्यावर २००६ मध्ये डेबियनने त्याची शाखा काढली, तिचे नाव वोडिम. वोडिमची शेवटची आवृत्ती २०१० ची. साध्या सीडीसाठी तो अजून चालतो, पण नव्या माणसाने त्याच्यापासून सुरुवात करू नये. झॉरिसो, म्हणजे एक्स-ओ-आर-आर-आय-एस-ओ, घ्या. चूक झाल्यावर तो देतो ते संदेश समजण्यासारखे असतात. डेबियन, उबंटू, फेडोरात पॅकेज याच नावाचे आहे. आर्चमध्ये लिबआयसोबर्न या पॅकेजात तो येतो. मूळ सीडीरेकॉर्डच वापरायचा असेल तर त्याला एसजी हे आणखी एक मॉड्यूल लागते. आर्चवर ते आपोआप चढलेले नसते, 'सुडो मॉडप्रोब एसजी' करावे लागते.

झॉरिसोला रायटर आणि आतली डिस्क कशी दिसते ते विचारा:

झॉरिसो -डिव्हाइसेस
झॉरिसो -आउटडेव्ह /डेव्ह/एसआर० -टीओसी

दुसऱ्या आज्ञेच्या उत्तरात डिस्कचा प्रकार आणि ती कोरी आहे की लिहिलेली, हे येते. डिस्कच्या डब्यावर काय छापले आहे यापेक्षा या ओळीवर विश्वास ठेवा.

आज्ञा टाइप न करता माउसने चालवायचा प्रोग्राम हवा असेल तर आपापल्या डेस्कटॉपप्रमाणे घ्या: केडीईवर केथ्रीबी, नोमवर ब्रासेरो, एक्सएफसीईवर एक्सएफबर्न. केथ्रीबी स्वतः काही लिहीत नाही, मागे सीडीरेकॉर्ड, वोडिम, ग्रोआयसोएफएस यांना कामाला लावतो. त्यातला एखादा बसवलेला नसेल तर चूक केथ्रीबीच्या खिडकीत दिसते, कारण मात्र मागे असते. त्याच्या सेटिंगमध्ये प्रोग्रामांची यादी असते, ती एकदा तपासा. फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या स्वतंत्र पॅकेज-पद्धतींतून बसवलेला बर्निंग प्रोग्राम बंदिस्त कप्प्यात चालतो आणि ड्राइव्हपर्यंत पोचायला त्याला वेगळी मुभा लागू शकते. अडचण आली तर वितरणाचे स्वतःचे पॅकेज बसवा.

रूट म्हणून चालते, साध्या वापरकर्त्याने चालत नाही, असेही घडते. कर्नल साध्या वापरकर्त्याकडून ठरावीक यादीतल्याच आज्ञा रायटरकडे जाऊ देतो. प्रोग्रामने यादीबाहेरची, एखाद्या कंपनीची खास आज्ञा पाठवली तर ती अडवली जाते. गटाची परवानगी बरोबर असूनही हे होत असेल तर प्रोग्राम बदलणे हा सुरक्षित मार्ग. वोडिम सुरुवातीला 'मेमलॉक'ची मर्यादा वाढवता आली नाही असा इशारा छापतो, त्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते.

पाचवी पायरी: बर्न सुरू होते आणि अर्ध्यात मरते

इथवर आलात तर ड्रायव्हर आणि परवानगी निर्दोष ठरली आहेत. आता रायटर स्वतः काय म्हणतो ते ऐकायचे. प्रत्येक अपयशासोबत तो तीन आकडे परत पाठवतो, झॉरिसो ते चौकटी कंसात छापतो. पहिला आकडा २ आणि दुसरा ३ए असेल तर ट्रेमध्ये डिस्कच नाही किंवा रायटरला ती दिसत नाही. ३, ०सी म्हणजे लिहिताना चूक झाली. ५ ने सुरू होणारी चूक म्हणजे रायटरला आज्ञाच अमान्य आहे; बहुतेकदा डिस्कचा प्रकार आणि मागितलेली पद्धत जुळत नसते, किंवा सीडी-आरडब्ल्यू न पुसताच लिहायला घेतलेली असते.

सर्वांत जास्त दिसणारी चूक ३, ७३, ०३ ही, म्हणजे 'पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर'. लिहिण्याआधी रायटर डिस्कच्या आतल्या कडेला राखून ठेवलेल्या पट्ट्यावर लेझरची ताकद अजमावून बघतो. ती जुळली नाही की ही चूक येते. कारणे चार: हलक्या प्रतीची किंवा जुनी डिस्क, भिंगावरची धूळ, थकलेला लेझर, आणि यूएसबीला अपुरी वीज. आधी दुसऱ्या कंपनीची डिस्क घालून बघा, कारण तो सगळ्यात स्वस्त प्रयोग. ब्लोअरने भिंगावर हलकी हवा मारा, बोट लावू नका. तीन वेगवेगळ्या डिस्कवर तीच चूक आली, वीजही पुरेशी आहे, तर लेझर संपला. सीडी वाचता येते म्हणून लेझर ठीक आहे असे मानू नका. सीडी आणि डीव्हीडीचे लेझर वेगळे असतात आणि लिहिण्याची ताकद वाचण्यापेक्षा कितीतरी जास्त लागते.

वेगाबद्दल. सीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. १६एक्सने पूर्ण सीडी सुमारे पाच मिनिटांत होते. ४८ किंवा ५२एक्सने बचत होते ती मोजक्या मिनिटांची, आणि धोका मात्र खूप वाढतो. उलट टोकाला जाऊन ४एक्सही मागू नका, आजच्या डिस्कचा थर इतक्या मंद लिखाणासाठी बनवलेला नसतो. रायटर आणि डिस्क मिळून कोणते वेग चालतात ते विचारून घ्या:

झॉरिसो -आउटडेव्ह /डेव्ह/एसआर० -लिस्ट_स्पीड्स

आकारही तपासा. ८० मिनिटांच्या सीडीवर सुमारे ७३.७ कोटी बाइट मावतात. उबंटू २४.०४ ची डेस्कटॉप आयएसओ (सबंध डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) ५ जीबीच्या वर आहे, ती सीडीवर तर नाहीच, ४.७ जीबीच्या एकेरी थराच्या डीव्हीडीवरही बसत नाही.

सहावी पायरी: डिस्क वाया न घालवता चाचणी

दुरुस्ती चालू असताना सीडी-आरडब्ल्यू वापरा. ती पुसून पुन्हा वापरता येते:

झॉरिसो -आउटडेव्ह /डेव्ह/एसआर० -ब्लँक अ‍ॅज_नीडेड

मग लेझर न पेटवता रंगीत तालीम:

झॉरिसो -अ‍ॅज सीडीरेकॉर्ड -व्ही डेव्ह=/डेव्ह/एसआर० स्पीड=१६ -डीएओ -डमी फाइल.आयएसओ

ती पार पडली की हीच ओळ -डमी काढून द्या. डीव्हीडी+आर आणि डीव्हीडी+आरडब्ल्यूवर तालमीची सोय नसते, तिथे तिच्यावर भिस्त ठेवू नका. बर्न झाल्यावर डिस्क एकदा बाहेर काढून परत घाला, नाहीतर कर्नल जुनाच आकार धरून बसतो आणि सीडी रिकामी दिसते.

शेवटी पडताळा. आयएसओ फाइलचा बाइटमधला आकार २०४८ ने भागा. फाइल ७३,४०,०३,२०० बाइटची असेल तर उत्तर ३,५८,४००. तेवढेच सेक्टर वाचा:

डीडी आयएफ=/डेव्ह/एसआर० बीएस=२०४८ काउंट=३५८४०० | एसएचए२५६सम

मूळ फाइलवर एसएचए२५६सम चालवून दोन्ही उत्तरे ताडून पाहा. काउंट न देता सबंध डिस्क वाचायला गेलात, आणि ती -डीएओ (सबंध डिस्क एका दमात) ऐवजी -टीएओ (एकेक ट्रॅक) पद्धतीने लिहिलेली असेल, तर शेवटाला 'इनपुट/आउटपुट एरर' येऊ शकते. टीएओमध्ये ट्रॅकच्या शेवटी डेटा नसलेले दोन सेक्टर सुटतात, कर्नल तेही वाचू पाहतो आणि अडखळतो. तुमचा डेटा शाबूत असतो. आज्ञेत पॅडसाइज=३००के घालून लिहिले, तर ही अडचण फाइलच्या शेवटापर्यंत येत नाही.

मराठी नावांच्या फाइली सीडीवर घालणाऱ्यांसाठी आणखी थोडे. सीडीवर फाइलींची नावे नोंदवण्याच्या, विंडोजवर वाचल्या जाणाऱ्या जोलिएट पद्धतीत नावाला ६४ चिन्हांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत काना, मात्रा, हलन्त हे प्रत्येकी एक चिन्ह मोजले जाते. 'क्षे' हे एक अक्षर तिथे चार चिन्हे खाते. त्यामुळे 'गणपती विसर्जन' असे छोटे नाव आरामात बसते, पण लग्नाच्या फोटोंना दिलेली लांबलचक नावे कापली जातात. लिनक्सवर अशी डिस्क उघडल्यावर नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली, तर माउंट करताना हा पर्याय द्या:

सुडो माउंट -ओ आरओ,आयओकॅरसेट=यूटीएफ८ /डेव्ह/एसआर० /एमएनटी

कॅरसेटचे स्पेलिंग सी-एच-ए-आर-एस-ई-टी. सीडी बनवतानाच रॉक रिज, ही नावे नोंदवण्याची लिनक्सकडची पद्धत, चालू ठेवली, तर लिनक्स ती नावे आपोआप नीट वाचतो आणि हा पर्याय द्यावाही लागत नाही.